बिल्ला नंबर चारशे सतरा

नागदेवी स्ट्रीटवर सकाळी अकराला
हातगाडीवरून साखळदंड चाललेत, गाडीवाला ओरडतोय,
आणि मी, एकसष्टाव्या वर्षी,
आयुष्यातला पहिला पाना विकत घ्यायला उभा.

हसू नका.
तेहतीस वर्षं माझगावच्या गोदीत फिटर होतो.
पाने हातात होते, माझे नव्हते.
टूलरूमच्या जाळीमागे म्हाप्रळकर बसायचा.
त्याला पितळी बिल्ला द्यायचा, पाना घ्यायचा;
पान्याच्या जागी खिळ्यावर बिल्ला लटकायचा.
संध्याकाळी उलटं.
भोंगा झाला तरी म्हाप्रळकर उठत नसे.
आम्ही म्हणायचो, याला घरी कुणी विचारत नसणार.
शेवटच्या दिवशी पाना आणि बिल्ला
दोन्ही त्याच्याकडेच राहिले.
गेटवर झडती झाली. रुमाल निघाला, तंबाखूची पुडी निघाली.

हकीमुद्दीन शेठ आधी मोठा डबा उघडतो.
चोवीस नग, लाल मखमल,
चेहरा दिसेल अशी झिलई.
"चाचा, आजीवन गॅरंटी."
कुणाच्या आजीवन, मी विचारतो.
तो हसतो, डबा मिटतो,
आणि खालच्या फळीवरून
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढतो.

झिलई बघायची नाही, जबडा बघायचा.
शेठकडूनच चौदाचा एक कोरा नट मागून घेतो,
पाना बसवतो, डुलवून बघतो.
डुलला तर ठेवून द्यायचा खाली.
सैल पाना आधी नटाचे कोपरे खातो,
गोल झालेला नट मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही,
आणि जोर लावलात की सटकतो पाना, सोलतात बोटं.
ही पांढरी गाठ बघा, उजव्या हाताची:
इंजिनरूम, रात्रपाळी, बत्तीसचा पाना,
वरच्या कुणीतरी स्वस्तात भरलेला माल.

मग फरशीवर हलकेच टाकायचा,
बायका माठ वाजवून घेतात तसा.
ओतीव असेल तर थप्प म्हणून गप्प.
घडीव असेल तर बोलत राहतो.
हा बोलत राहिला.
चहाचे ग्लास घेऊन चाललेला पोरगा
तेवढा वेळ थांबला.

सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत, आठ.
(मध्ये एकवीस नसतो.
का नसतो, ते तेहतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.)
"नाव कोरून देऊ?" शेठनं विचारलं.
म्हटलं, कशाला? घरातच तर राहणार.

घोडपदेवच्या खोलीत, ओट्यावरच्या भिंतीत
आठ खिळे ठोकले, उतरत्या मापानं.
इंदुमती म्हणाली, तिथे झारा लावायचा होता.
दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी गाळणी तिनं वीस-बावीसवर अडकवली
आणि विषय संपला.

काल सोळा नंबरातला निशिकांत आला.
"काका, बारा-तेराचा द्या ना,
पोरीच्या सायकलची सीट खाली करायचीय."
काढून दिला.
मागे भिंतीवर उघडा खिळा.
तो दारापर्यंत पोचला होता,
माझ्या तोंडून निघून गेलं: बिल्ला?

तो बघतच राहिला.
मग काय समजला कोण जाणे,
गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र काढून माझ्या हातात ठेवलं.
निळी फीत, फोटोत दचकलेला चेहरा,
खाली सहा आकडी नंबर.

ते खिळ्यावर लटकतंय.
साडेदहा वाजून गेले.
खालच्या चौकात सायकलची घंटी दोनदा वाजली, थांबली.
सकाळी कामावर जायला त्याला हे लागेल,
म्हणून दाराला कडी घातली नाही,
दिवा मालवला नाही.
इंदुमती कूस बदलून विचारते, झोपत का नाही?

म्हाप्रळकर,
तुझ्या जाळीमागे
रोज किती खिळे उघडे असायचे रे?